खाडीतल्या प्राण्याला हद्द, वेळ आणि देणं हवं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात घडणारी अद्भुत कादंबरी तुम्ही लिहिताय. खाडीत चाळीस फूट लांबीचा, खवल्यांचा, पंख असलेला एक प्राणी आहे. अमावास्येच्या मध्यरात्री ओहोटीच्या चिखलातून तो गावात शिरतो आणि माणसं उचलून नेतो. ज्यांनी मसुदा वाचला ते म्हणाले, "प्राणी परदेशी सिनेमातला वाटतो, आणि भीतीही वाटत नाही." म्हणून तुम्ही विचारता: पुराणातला एखादा प्राणी घ्यावा का, की गावच्या राखणदारालाच, म्हणजे गाव राखणाऱ्या दैवतालाच, प्राणी करावं, आणि तसं केलं तर लोक दुखावतील का?

माझ्या मते अडचण रूपात नाहीच. पंख काढलेत, खवल्यांच्या जागी केस लावलेत, भारदस्त संस्कृत नाव दिलंत, तरी वाचक तेच म्हणतील. हा प्राणी उद्या दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावर नेऊन सोडला, तर तुमच्या मसुद्यातलं एक वाक्यही बदलावं लागणार नाही. त्या गावाशी त्याचं काही नातं नाही, ही खरी अडचण आहे.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या समजुती बघा. चकव्याचं तोंड कसं असतं हे कोणी सांगत नाही. पण तो कुठल्या पाणंदीत धरतो, किती वाजल्यानंतर धरतो, आणि धरल्यावर चालत न राहता उजाडेपर्यंत एका जागी बसून राहायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. रूप धूसर, नियम लख्ख. तुमच्या मसुद्यात उलटं झालंय: रूपाला दोन पानं दिलीत आणि नियम एकही नाही. नियम नसले की पुढे काय होईल याचा अंदाज वाचकाला बांधता येत नाही, आणि अंदाज बांधता आला नाही की भीती धरत नाही. "आता तिकडे जाऊ नकोस" असं वाचकाच्या मनात यायला हवं. त्यासाठी "तिकडे" म्हणजे कुठे आणि "आता" म्हणजे कधी, हे त्याला पात्राच्या आधी कळलेलं असावं लागतं.

मी प्रत्येक प्राण्यासाठी रूप ठरवण्याआधी तीन गोष्टी ठरवतो: हद्द, वेळ आणि देणं. तो कुठवर येऊ शकतो, कधी येऊ शकतो, आणि गावाचं त्याच्याशी काय ठरलेलं आहे. रूप त्यातून आपोआप निघतं.

त्याआधी एक गोष्ट तुम्हालाच ठरवावी लागेल, ती म्हणजे कथेचा काळ. सत्तर वर्षांपूर्वीची कथा असेल तर कंदील, खाडी ओलांडणारी होडी आणि पायवाटा आहेत, अंधार फुकट मिळतो. आजची असेल तर खाडीवर पूल आहे, जेट्टीवर एलईडी दिवे आहेत, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आजची कथा अवघड आहे, तरी मी तीच निवडेन. कारण देण्याच्या मुद्द्याशी येईल.

आधी वेळ, कारण तुमची सगळ्यात मोठी चूक तिथे आहे. "अमावास्येच्या मध्यरात्री ओहोटीचा चिखल" हे वाक्य खाडीकाठी वाढलेला माणूस वाचेल आणि तिथेच पुस्तक मिटेल. आपल्या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमाराला भरती पूर्ण होत असते. मच्छीमारांचा जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अमावास्या किंवा पौर्णिमा म्हणजे 15 गुणिले पाऊण, सव्वाअकरा. चतुर्थीला 3, अष्टमीला 6. सकाळीही तीच आणि रात्रीही साधारण तीच. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकतं. खाडीत जसजसं आत जाल तसा उशीर वाढतो, त्यामुळे अर्धापाऊण तास इकडेतिकडे चालेल. सहा तासांची चूक चालणार नाही.

आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. मध्यरात्रच हवी असेल तर तिथी बदला. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र त्याच सुमाराला मावळतो आणि वद्य अष्टमीला त्याच सुमाराला उगवतो. म्हणजे उजेड नेमका कोणत्या बाजूने येतोय किंवा जातोय, हेही तुम्हाला मिळालं. फक्त अष्टमीचं पाणी भांगाचं असतं. ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे चिखलाचा पट्टा अरुंदच उघडा पडेल. खाडीचा तळ उघडा पडल्याचं दृश्य त्या रात्री लिहू नका.

दुसरी वाट मला जास्त आवडते. अमावास्या ठेवा, पण मध्यरात्र सोडा. सव्वाअकराला भरती, म्हणजे सायंकाळी पाच-साडेपाचच्या पुढे ओहोटी पूर्ण, आणि तीही उधाणाची, म्हणजे महिन्यातला सगळ्यात रुंद चिखल. कार्तिक-मार्गशीर्षात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. अमावास्येची तिन्हीसांज आणि सगळ्यात खोल ओहोटी आपल्या किनाऱ्यावर एकाच वेळी येतात, हे तुम्हाला रचावं लागत नाही, निसर्गाने करून ठेवलंय. शिवाय त्या वेळी माणसं चिखलात असण्याला कारणही आहे. मोठ्या ओहोटीला बायका कालवं फोडायला आणि तिसऱ्या वेचायला, म्हणजे शिंपल्यांतली मासळी गोळा करायला, उतरतात. हातात कोयती, कमरेला टोपली, आणि पाठीमागे उजेड कमी होत चाललेला. तुमच्या नायिकेला मध्यरात्री खाडीवर नेण्यासाठी तुम्ही जो लांबलचक बहाणा रचलाय, त्याची गरज उरत नाही.

पाणी परत कसं येतं तेही लिहा, कारण भीती तिथे आहे. ते समोरून लाटेसारखं येत नाही. आधी चिखलातल्या वळणावळणाच्या नाळांमधून आत सरकतं आणि माणसाच्या मागच्या बाजूने काठ तोडतं. पहिल्या तासात जेमतेम चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात वेग धरतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीत साधारण अडीच मीटरचा फरक पडतो, उत्तरेकडे तो वाढत जातो. अडीच मीटर धरले तरी मधल्या दोन तासांत पाणी तासाला सुमारे दोन फूट चढतं. गुडघाभर रुतणाऱ्या चिखलात माणूस धावू शकत नाही. म्हणजे प्राणी अजून दिसलेलाही नाही आणि नायिकेकडे किती वेळ उरलाय हे वाचकाला कळतंय.

आता आकार. चाळीस फूट म्हणजे बारा मीटर. एवढा जीव समुद्रात असतो; देवमुशी (व्हेल शार्क) बारा मीटरपर्यंत वाढते आणि अरबी समुद्रात दिसते. पण ती मोकळ्या समुद्रात राहते आणि सूक्ष्म जीवांवर जगते. दापोलीतली लहान खाडी ओहोटीला कुठे कंबरभर तर कुठे घोट्याइतकी होते. तिथे बारा मीटरचा प्राणी लपणार नाही, उघडा पडेल. खाण्याचा हिशोब तर आणखी अवघड. 2002 च्या सुमाराला कर्नाटकातून सिंधुदुर्गात हत्ती उतरले. संख्या फार नव्हती, पण दोडामार्गातली केळीची आणि माडाची बाग त्यांनी कशी झोपवली हे सगळ्या जिल्ह्याला माहीत झालं. मोठा प्राणी लपत नाही, कारण त्याचं खाणं लपत नाही. तुमच्या गावात मात्र चाळीस फुटी प्राणी असूनही मासळी तितकीच, गुरं तितकीच, कुत्री तितकीच.

यातून बाहेर पडायला तीन मार्ग आहेत. प्राणी लहान करा. वाशिष्ठी आणि सावित्रीत मगरी आहेत. मोठी मगर चार मीटरच्या आसपास भरते, आणि माणसाला तेवढी पुरते. किंवा त्याची भूक कमी करा. मगरीसारखे थंड रक्ताचे प्राणी एकदा पोट भरलं की आठवडेच्या आठवडे न खाता काढतात, म्हणून वर्षातून मोजक्या वेळा खाणारा प्राणी पटतो. किंवा तो खाडीचा रहिवासी नसून समुद्राचा आहे आणि ठरावीक काळातच आत येतो असं करा. हा तिसरा मार्ग कोकणात फार चांगला बसतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, आणि वारा-लाटांमुळे लहान होड्याही फारशा बाहेर पडत नाहीत. दोन महिने समुद्र जवळपास माणसांवाचून असतो. तो काळ त्या प्राण्याचा, आणि नारळी पौर्णिमेपासून समुद्र पुन्हा माणसांचा, अशी वाटणी केलीत तर नारळ अर्पण करण्याच्या प्रसंगाला तुमच्या कथेत अर्थ येतो. एक पथ्य पाळा: पावसाळ्यात खाडीचं पाणी गढूळ आणि जवळजवळ गोडं होतं, त्यामुळे खाऱ्या पाण्याचा जीव त्या दिवसांत मुखाशी घुटमळेल, आतल्या गावापर्यंत चढणार नाही.

पंखांबद्दल मी ठाम आहे, काढून टाका. समुद्री गरुडाचे पंख टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास, आणि त्याचं वजन दोन-तीन किलो. माणूस उचलायचा तर पंख किती लागतील याचा अंदाज त्यावरून करा. मग तुमच्या गावात ते उघडणार कुठे? माडाच्या बागेत दोन झाडांत साधारण साडेसात मीटरचं अंतर ठेवतात, पोफळीच्या बागेत पावणेतीन मीटरच्या आसपास. तुम्ही त्याला पोफळीच्या बागेत झेप घेताना दाखवलंय. तिथे माणूस हात पसरून फिरला तरी खोडाला लागतो. उडणारं काही हवंच असेल तर त्याला सड्यावर ठेवा. जांभ्याचं उघडं पठार, झाड नाही, वारा आहे, आणि कड्यावरून खाली खाडी दिसते.

हद्द ठरवताना हीच जमीन उपयोगी पडते. एका गावात चार तऱ्हेच्या जमिनी सापडतात: पुळण म्हणजे वाळूचा किनारा, खाजणाचा म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा चिखल, बागा-वाड्या आणि वरचा सडा. प्राण्याला यातल्या एकीवर पूर्ण सत्ता द्या, दुसरीवर अर्धी, आणि उरलेल्या दोन त्याला बंद ठेवा. बंद का, याचं कारण दिसणारं असू द्या. उदाहरणार्थ, तो ओला असेपर्यंतच बळकट आहे. मग खाजणाचा बांध ही त्याची सीमा होते, आणि बांध फुटणं ही कथेतली मोठी घटना होते. खाजणाचे बांध उधाणाला फुटतात, शेतात खारं पाणी शिरतं आणि भाताची जमीन नासते. म्हणजे ज्या गोष्टीची गावाला एरवीही धास्ती असते, तीच तुमच्या प्राण्यालाही वाट करून देते. असा सांधा सापडला की पुढचं लिहिणं बरंच सोपं होतं.

खुणांकडेही तुमचं दुर्लक्ष झालंय. तुम्ही सड्यावर पावलांचे ठसे दाखवलेत. जांभ्यावर ठसा उमटत नाही. चिखलात उमटतो, पण पुढच्या भरतीला पुसला जातो, म्हणजे पुरावा सहा तासांचा. पुळणीवर तो सकाळी वारा सुटेपर्यंत टिकतो. आंजर्ले आणि वेळासच्या किनाऱ्यावर रात्री समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पहाटे फिरणारी माणसं वाळूवरचा माग बघून घरटं शोधतात; कासव बाहेर आलं कुठून आणि परत गेलं कुठून, हे ती वाचतात. तुमच्या कथेत असा एक माग वाचणारा माणूस असू द्या, आणि त्याला एकच माग सापडू द्या: वर आल्याचा आहे, परत गेल्याचा नाही. या एका निरीक्षणात दोन पानांच्या वर्णनापेक्षा जास्त भीती आहे.

वाराही तपासा. पावसाळा सोडला तर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे जातात. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात रात्री खाडीच्या मुखाकडून कुजका वास गावात येतो आणि कुत्री भुंकतात. मतलई वाऱ्यात तो वास समुद्राकडे जाईल. उलट गावातल्या गोठ्याचा, चुलीच्या धुराचा, माणसांचा वास त्या प्राण्यापर्यंत पोचेल. गावाला तो कळत नाही आणि त्याला गाव कळतं. चुकीच्या प्रसंगातून हा चांगला प्रसंग मिळतोय, तो घ्या.

आता पुराणातला प्राणी घ्यावा का, याबद्दल. आपल्याकडे अद्भुत पात्रांची निदान तीन घराणी आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो.

पहिलं घराणं शिल्पांतलं. शरभ, व्याल, मकर, गंडभेरुंड. अनेक प्राण्यांचे अवयव जोडून झालेली ही रूपं आहेत आणि ती मुख्यतः सत्तेची चिन्हं आहेत. मुरूडच्या जंजिऱ्याच्या दरवाज्यावर हत्तींना पंजात धरलेला वाघासारखा प्राणी कोरलाय. तो येणाऱ्याला ताकद दाखवतो. नरसिंहाला आवरायला शरभ आला आणि शरभाला आवरायला गंडभेरुंड, अशी ही चढाओढीची परंपरा आहे. हे प्राणी राजाच्या, किल्ल्याच्या, युद्धाच्या कथेत शोभतात. कालवं वेचणाऱ्या बाईच्या कथेत शरभ आणलात तर तो पाहुणाच राहील.

दुसरं घराणं मेलेल्या माणसांचं. मुंजा, समंध, जखीण, लांव, गिऱ्हा. या प्रत्येकाच्या मागे काहीतरी अर्धवट राहिलेलं आहे: लग्न, बाळंतपण, वारसाहक्क, अंत्यसंस्कार. गिऱ्हा पाण्यातला. बुडून मेलेला माणूस गिऱ्हा होतो आणि रात्री वाटसरूला सोबत करून खोल पाण्यात नेतो, अशी समजूत आहे. त्याचे केस ज्याच्या हाती लागतात त्याचा तो ताबेदार होतो, असंही सांगतात. तुमच्या खाडीला सगळ्यात जवळचं पात्र हेच. पण मग तो प्राणी राहत नाही, तो कोणाचा तरी मुलगा किंवा भाऊ होतो, आणि कादंबरी शोकाच्या दिशेने वळते. त्याला तयार असाल तरच इकडे या. जखीण आणि लांव यांच्याबाबत माझं मत स्पष्ट आहे. ज्या काळात बाळंतपणात बायका मरत होत्या त्या काळाचं दुःख या समजुतींत साठलंय. त्यांना नुसतं विद्रूप करून वाचकाला दचकवण्यापुरतं वापरू नका. खवीसासारखी, एखाद्या समाजावर शिक्का मारणारी पात्रंही आजच्या लेखकाने जुन्या अर्थाने उचलू नयेत.

तिसरं घराणं राखणदारांचं. तुमचा शेवटचा प्रश्न इथला. राखणदार, देवचार, वेतोबा ही माणसांसाठी जिवंत दैवतं आहेत. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला आजही केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. अशा दैवताला खलनायक करणं, किंवा त्याच्या नावाखाली माणसं खाणारा प्राणी दाखवणं, मी करणार नाही आणि तुम्हीही करू नये. लोक दुखावतील हे कारण आहेच. त्याहून मोठं कारण असं की राखणदार या कल्पनेचा गाभाच त्यात मोडतो. भागही सांभाळा. देवचार हा दक्षिणेकडचा, सिंधुदुर्ग-गोव्याकडचा. त्याला उचलून दापोलीत आणू नका. तुमच्या तालुक्यात शिमग्याला पालखी घरोघर येते, तिचा वापर करा. गाव आणि दैवत यांची नावं काल्पनिक ठेवा, पण व्यवहार अचूक ठेवा: मानकरी कोण, गुरव काय करतो, गाऱ्हाणं कोण घालतं, कौल कसा लावतात, उजवा कौल म्हणजे होकार आणि डावा म्हणजे नकार. नावं बदललेली चालतात. व्यवहार चुकला की गावकरी वाचक लगेच बाजूला होतो.

तुमच्यासाठी मी चौथी वाट सुचवेन, कारण तुमच्या जिल्ह्यातच ती आहे. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं. उक्षीला हत्ती आहे. कशेळीला सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलाय आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी आहेत. काही ठिकाणी गेंडाही आहे, आणि गेंडा आज कोकणात कुठेही नाही. 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, आणि त्यांतली काही दहा हजार वर्षांहून जुनी असावीत असं अभ्यासक मानतात. ती कोणी आणि कशासाठी कोरली याची कथा कोणाच्याच मालकीची नाही, म्हणून इथे तुम्हाला मोकळीक आहे. एका कातळावर हत्ती, मासा, गेंडा यांच्यामध्ये असा एक प्राणी कोरलेला असू द्या जो कोणालाच ओळखता येत नाही. खोदाई जमिनीसपाट असते. पावसाळ्यात तिच्यात पाणी आणि शेवाळ भरतं, नंतर गवत झाकतं, आणि गवत वाळल्यावर आकृती पुन्हा उघडी होते. म्हणजे तुमच्या प्राण्याचं पूर्ण चित्र गावाला वर्षातले काही महिनेच दिसतं. तुमचं दोन पानांचं वर्णन या चित्रात घाला, जिवंत प्राण्याला त्यातून मोकळं करा.

राहिलं देणं, आणि आजचा काळ मी का निवडेन ते. कोकणातल्या गावाचं अदृश्याशी असलेलं नातं करारासारखं आहे: नारळ, रोट, कोंबडं, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घराकडून. बदल्यात राखण. आज त्या घरांना कुलपं आहेत. माणसं मुंबईत, घर उघडतं गणपतीला आणि शिमग्याला. एखाद्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या असलेलं देणं तीन वर्षं राहून गेलं तर? वारसांपैकी एकाला ते माहीतच नाही, दुसऱ्याला माहीत आहे पण तो जमीन विकायला निघालाय, आणि तिसरी कालवं वेचायला उतरते. आता प्राणी गावात येतो त्याला कारण आहे. तो भुकेने येत नाही, थकबाकी वसूल करायला येतो. त्याचं येणं न्याय्य आहे, आणि म्हणूनच त्याला मारणं हे उत्तर होऊ शकत नाही. तुमच्या शेवटच्या प्रकरणातली बंदुकीची लढाई त्यामुळे गळून पडेल. पडू द्या. तिच्या जागी हे लिहा: देणं कोणी द्यायचं, काय द्यायचं, आणि तीन वर्षांचं व्याज म्हणून तो काय मागतो.

थोडक्यात इथवरचं: तिथी आणि पाणी जुळवा, पंख काढा, आकार किंवा भूक कमी करा, बांध ही सीमा करा, वारा आणि खुणा उलटून घ्या, दैवताला हात लावू नका, रूप कातळावर न्या, आणि येण्याला थकबाकीचं कारण द्या.

पानावर उतरवताना क्रम सांभाळा. प्राणी तीनदा यावा, आणि दरवेळी एकाच इंद्रियाला. पहिल्यांदा खूण: माग, फाटलेलं जाळं, मान मुरगळलेला बगळा. दुसऱ्यांदा आवाज. हिवाळ्याच्या रात्री वारा पडला की खाडीवरून आवाज लांबवर येतो. पावसाळ्यात कौलांवरच्या पावसात आणि बेडकांच्या ओरडण्यात काहीच ऐकू येत नाही, म्हणून आवाजाचा प्रसंग थंडीत घ्या. तिसऱ्यांदा दर्शन, तेही अर्धवट. थंडीच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर कधीकधी पाणी ढवळलं की निळसर चमकतं, सूक्ष्म जीवांमुळे. अशा पाण्यात प्राणी दिसत नाही, त्याने हलवलेलं पाणी दिसतं: एक लांब निळी रेघ, ती वळते, आणि थांबते. रेघ थांबली म्हणजे तो थांबला. कुठे, ते पात्राला कळत नाही.

गावातल्या माणसांना त्याच्याबद्दल फार बोलू देऊ नका. रात्री सापाला "जनावर" म्हणतात, तसंच त्याचं नाव टाळू द्या. माहिती देणारा म्हातारा हे पात्र मसुद्यातून काढा. त्याची सात पानं तीन माणसांत वाटा, आणि तिघांची माहिती एका मुद्द्यावर जुळू नये. कालववालीला वेळ माहीत आहे, बांधाची डागडुजी करणाऱ्याला हद्द माहीत आहे, गुरवाला देणं माहीत आहे. तिघं एकत्र बसल्याशिवाय नियम पूर्ण होत नाही, आणि त्यांना एकत्र बसवणं हेच नायिकेचं काम. नियम एकदाच मोडा, उत्तरार्धात, आणि मोडण्याचं कारण आधीच्या पानांत दिसलेलं असू द्या. बांधाला पडलेली खेकड्यांची बिळं तुम्ही दुसऱ्या प्रकरणात सहज उल्लेखलेली असतील तर बांध फुटल्यावर वाचक तक्रार करणार नाही.

पुनर्लेखनाला बसाल तेव्हा पहिलं प्रकरण उघडू नका. आधी एका पानाचं गाऱ्हाणं लिहा, तुमच्या काल्पनिक दैवतासमोर, तुमच्या गावच्या बोलीत, "व्हय म्हाराजा" म्हणणारी माणसं मागे उभी आहेत असं धरून. त्यात कोणाच्या घरचं काय चुकलं, कधीपासून चुकलं, त्याने कुठवर हद्द ओलांडली आणि आता काय देऊ करतोय, हे सगळं यावंच लागतं. हे पान अडखळलं तर प्राणी अजून ठरलेला नाही असं समजा आणि पुन्हा लिहा. ते जमलं की पंचांग घ्या, कथेच्या महिन्यातल्या तिथ्या आणि त्यांच्या भरतीच्या वेळा वहीत उतरवा, आणि मग कालवांच्या प्रसंगापासून लिहायला लागा.